टीटीला कॉइलओव्हर घालायच्या आधी: पुण्याच्या रस्त्यांवर सस्पेन्शन कसं निवडायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. २०१२ ची ऑडी टीटी क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांना ताकद जाणारी, सेकंडहँड घेतलेली, ६८,००० किमी झालेली, आधीच्या मालकाने १९ इंची बाहेरची व्हील्स टाकलेली. रोज बाणेर ते हडपसर आणि महिन्यातून एकदा पसरणी नाहीतर ताम्हिणी घाट. गावात प्रत्येक खड्ड्याला दणका बसतो, वहिनींची पाठ धरते, आणि घाटात वळणाच्या मधेच उंचवटा आला की मागची बाजू उडी मारून बाहेर सरकते. त्यावर एका दुकानदाराने तुम्हाला ३२ क्लिकवाले कॉइलओव्हर सांगितलेत, म्हणजे उंची आणि कडकपणा बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे सेट, गाडी ४० मिमी खाली बसेल, कम्फर्ट आणि हँडलिंग दोन्ही मिळेल म्हणून. घ्यावेत का, असं विचारलंय.

नका घेऊ. आणि का नको ते नीट समजून घ्या, कारण एकदा ते 'का' कळलं की काय घ्यायचं हे तुमचं तुम्हालाच कळेल.

मी गेली एकोणीस वर्षं सस्पेन्शनचंच काम करतोय, आधी डीलरच्या वर्कशॉपला होतो, आता स्वतःची शेड आहे. गिऱ्हाईक येतं ते दोन वेगवेगळ्या तक्रारी घेऊन येतं, गाडी कडक आहे ही एक आणि गाडी वळणात विश्वास देत नाही ही दुसरी. आणि मनात असं धरून येतं की एक सुधारायची तर दुसरी बिघडणार. तुमच्या गाडीत मला या दोन्ही तक्रारी एकाच आजाराच्या वाटतायत. गाडीची ट्रॅव्हल संपतेय.

ट्रॅव्हल म्हणजे चाकाला वरखाली व्हायला मिळणारी जागा. शॉकअपच्या रॉडवर वरच्या बाजूला फोमसारखा एक बंप स्टॉपर असतो. चाक वर येता येता त्याच्यावर टेकलं की तिथून पुढे स्प्रिंग स्प्रिंग राहत नाही, एकदम भिंत होते. गावात खड्ड्यातून बाहेर येताना हे झालं की तुम्हाला दणका बसतो. घाटात वळणात गाडी आधीच एका बाजूला कललेली असते म्हणजे बाहेरच्या मागच्या चाकाची निम्मी जागा खर्च झालेली असते, त्यात उंचवटा आला की ते चाक स्टॉपरवर जातं, त्या कोपऱ्याचा कडकपणा एका क्षणात कितीतरी पट वाढतो आणि टायरची पकड सुटते. तुम्हाला वाटतं गाडी उडाली. ती भिंतीवर आपटलेली असते.

आता याच गाडीला ४० मिमी खाली आणा. ती जागा कुठून जाणार आहे? ज्या बाजूची आधीच कमी पडतेय तिथूनच. म्हणून खाली बसवलेल्या गाडीला मग कडक स्प्रिंग लावावीच लागते, नाहीतर ती दिवसभर स्टॉपरवरच चालेल. हा कडकपणा म्हणजे तुम्ही विकत घेतलेलं हँडलिंग नाही, गमावलेल्या जागेचं भाडं आहे ते.

हे मी तुम्हाला ऐकून मानायला सांगत नाही, घरी तपासून बघा. एक केबल टाय घ्या, साधा प्लास्टिकचा. मागच्या शॉकअपचा डस्ट कव्हर वर सरकवा, चकाकणारा रॉड दिसेल, त्याच्यावर टाय घट्ट पण हाताने सरकेल इतपत बांधा आणि खाली ढकलून शॉकअपच्या बॉडीला टेकवा. पुढच्या स्ट्रटलाही (पुढे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असतात, तो) तसंच. मग नेहमीच्या रस्त्याने जा, दोघं बसून जा, एकटे नको. परत आल्यावर बघा, बॉडीने तो टाय जितका वर ढकलला असेल तितकी कमाल ट्रॅव्हल तुम्ही वापरलीत. टाय स्टॉपरच्या आत घुसून बसला असेल तर माझं निदान बरोबर. आणि स्टॉपर स्वतः कसा दिसतोय तेही बघून घ्या. चांगला स्टॉपर दाबून सोडला की परत फुगतो. मी अशाच वयाच्या गाड्यांमधून काढलेले बरेच स्टॉपर बोटांमधे चुरगळून भुगा झालेत, नाचणीची भाकरी कोरडी पडल्यावर होते तसा. ते गेले की लोखंडाला लोखंड लागतं.

हे करताना चारही चाकांच्या मध्यापासून वर फेंडरच्या कडेपर्यंत टेपने माप घ्या. गाडी सपाट जागी, टायरमधे हवा बरोबर. डावं-उजवं माप साधारण सारखं यायला हवं. १० मिमीच्या वर फरक असला तर एखादी स्प्रिंग बसलीय किंवा तुटलीय, खालचा वेटोळा तुटलेला चटकन दिसतही नाही. आणि सगळीच मापं कमी वाटली तर आधीच्या मालकाने लोअरिंग स्प्रिंग टाकून ठेवलेल्या असू शकतात, सेकंडहँड टीटीमधे हे मी पाहिलंय. स्प्रिंगवर रंगाचे ठिपके असतात ते कंपनीचे, अख्खी स्प्रिंग लाल किंवा निळी असली तर बाहेरची समजा.

आणखी एक गोष्ट आधीच बघून घ्या. गिअर लिव्हरजवळ शॉकअपच्या चित्राचं बटण आहे का? असलं तर तुमच्या गाडीला मॅग्नेटिक राइड आहे, म्हणजे शॉकअपच्या तेलात लोखंडाचे अतिसूक्ष्म कण असतात आणि कॉइलमधून करंट सोडून ते तेल घट्ट-पातळ करतात. उत्तम सिस्टीम आहे, पण शॉकअप लीक झाला की बदली महाग पडते, आणि साधे शॉकअप लावले की डॅशवर लाइट लागते. बटण असेल तर खाली लिहिलेलं शॉकअपचं प्रकरण तुम्हाला लागू नाही, बाकी सगळं लागू आहे. तुमच्या लिहिण्यावरून बटण नसावं असं धरून पुढे जातो.

मी पैसे कुठल्या क्रमाने घालवीन ते सांगतो.

पहिलं म्हणजे टायर आणि व्हील. यावर लोक नाराज होतात, माहितीये, १९ इंची व्हील दिसायला भारी असतात. पण हिशोब बघा. २५५/३५ आर१९ टायरची साइडवॉल, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतची टायरची उंची, ८९ मिमी. २४५/४० आर१८ ची ९८. २४५/४५ आर१७ ची ११०. म्हणजे १९ वरून १७ वर आलात की रस्ता आणि रिम यांच्यात २१ मिमी जास्तीचं रबर आणि हवा येते, आणि चाकाचा बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, स्पीडोमीटरही फार हलत नाही. खड्ड्याची धारदार कड जी असते ना, पाईपलाईनसाठी खणून डांबराचा पट्टा मारून बुजवलेली, ती खायचं काम शॉकअपचं नाहीच, ते टायरचं आहे. शॉकअपपर्यंत ती पोचेपर्यंत उशीर झालेला असतो.

आणि वजन. तुमची बाहेरची व्हील्स किती किलोची आहेत ते मला माहीत नाही, तुम्हालाही नसेल. एक चाक काढा आणि जवळच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवा. मग कंपनीचं १७ किंवा १८ चं टायरसकट ठेवा. मी हे करून दाखवलं तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या चाकामागे साडेचार किलोचा फरक निघाला होता. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खालचं वजन, ते जितकं जास्त तितकं ते खड्ड्यातून वर फेकलं गेल्यावर परत रस्त्यावर आणायला शॉकअपला झगडावं लागतं. दिसण्यासाठी १८ ठेवा, तिथपर्यंत मी तुमच्या बाजूने आहे. माझी स्वतःची असती तर १७ घातली असती आणि मागे वळून पाहिलं नसतं.

क्वाट्रो आहे म्हणून चारही टायर एकाच वेळी, एकाच मेकचे. दोन नवे दोन घासलेले असं करू नका, व्यास वेगळे झाले की मागच्या चाकांकडे ताकद पाठवणारी हॅल्डेक्स क्लच उगाच काम करत राहते. आणि हवा दाराच्या किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढीच, सकाळी थंड टायरला. पेट्रोल पंपावरचा पोरगा विचारतो 'पस्तीस ना साहेब' आणि गरम टायरला भरतो, ते बंद करा, स्वतःचा गेज घ्या.

दुसरं, बूश, म्हणजे सस्पेन्शनच्या आर्मच्या सांध्यातली रबरं. तुमच्या टीटीची ही पिढी, ८जे, २००६ साली आली, आणि तिचा प्लॅटफॉर्म पीक्यू३५ म्हणजे फोक्सवॅगन गोल्फच्या पाचव्या पिढीचा, आपल्याकडच्या स्कोडा लॉराचाही तोच. म्हणून पुण्यातल्या ज्या मेकॅनिकने लॉरा खोलल्यात त्याला तुमची गाडी अनोळखी नाही. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे फोर-लिंक, स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. या सगळ्यांमधे एक कमजोरी सारखी, पुढच्या लोअर आर्मचा मागचा मोठा बूश चिरतो. गाडी लिफ्टवर घ्या, आर्म आणि सबफ्रेमच्या (तो आर्म ज्या सांगाड्याला बसतो त्याच्या) मधे टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून हलकेच दाबा. रबरात चीर उघडलेली दिसली की तो गेला. ब्रेक मारताना स्टेअरिंग किंचित एका बाजूला जातं, खड्ड्यात 'धप' असा जाड आवाज येतो, आणि वळणात स्टेअरिंग फिरवल्यावर गाडी अर्धा क्षण विचार करून वळते, ही सगळी त्याचीच लक्षणं. त्यासोबत अँटी-रोल बारच्या (वळणात गाडी कमी कलावी म्हणून असलेल्या दांडीच्या) लिंक रॉड बघा, बारीक 'कटकट' त्यांची असते, आणि स्ट्रट माउंट व बेअरिंग बघा, जागेवर स्टेअरिंग फिरवताना स्प्रिंग 'टंग' करून सुटत असेल तर ते गेलंय. पार्ट लॉराचा चालेल का म्हणून अंदाजाने घेऊ नका, टीटीचे बरेच आर्म अ‍ॅल्युमिनियमचे आहेत, पार्ट नंबर जुळवूनच घ्या.

पॉलियुरेथेन बूश, म्हणजे रबराऐवजी कडक प्लास्टिकसारखे, लावू का असं लोक विचारतात. रोजच्या गाडीला फक्त तो एक मागचा मोठा बूश किंचित कडक रबराचा लावा, बाकी सगळं कंपनीचं रबर. सगळीकडे पॉली लावलं की रस्त्याची खरखर सीटमधे येते, आणि ती खरखर घालवायला मग दुनिया शॉकअप बदलते.

इथे एक गोष्ट मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून करून घ्या. लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना बूशचे बोल्ट पूर्ण टाइट करायचे नाहीत. रबरी बूश आतून-बाहेरून चिकटवलेला असतो, तो फिरत नाही, पिळतो. लोंबकळत्या अवस्थेत टाइट केला की गाडी खाली ठेवल्यावर तो कायम पिळलेला राहतो, राइड कडक लागते आणि वर्षभरात पुन्हा चिरतो. गाडी चाकांवर ठेवून, किंवा हबखाली जॅक लावून चाक मापाच्या उंचीवर आणून मग शेवटचा टॉर्क द्यायचा. नवे पार्ट टाकूनही गाडी कडकच राहिली म्हणून माझ्याकडे आलेल्या गाड्यांपैकी काहींना मी फक्त बोल्ट सैल करून, गाडी खाली बसवून, पुन्हा टाइट करून दिलेत. ज्या बोल्टना कंपनी नवे वापरा म्हणते ते नवेच घ्या.

तिसरं, शॉकअप. ६८,००० किमी आपल्या रस्त्यांवर म्हणजे मूळचे शॉकअप थकलेले असणारच, तेल बाहेर आलेलं नसलं तरी. आणि खरा फरक इथे पडतो.

शॉकअपचं काम वेगावर चालतं. गाडीच्या वेगावर नाही, रॉड किती वेगाने आतबाहेर होतोय त्यावर. वळणात गाडी कलते, ब्रेकला नाक खाली जातं, तेव्हा रॉड हळू हलतो. खड्ड्याच्या कडेला रॉड झटक्यात हलतो. तुम्हाला हवाय तो शॉकअप हळू हालचालीला घट्ट आणि झटक्याला मोकळा. म्हणजे वळणात अंगाला धरून राहील आणि खड्डा गिळेल. कम्फर्ट आणि हँडलिंग एकत्र मिळतात ते इथे, शॉकअपच्या आतल्या व्हॉल्व्हमधे. स्वस्तातल्या ३२ क्लिकवाल्या कॉइलओव्हरमधे ते क्लिक बहुतेक वेळा एका छोट्या सुईने एक भोक कमी-जास्त करतात, त्याने हळू हालचालीतला घट्टपणा बदलतो आणि झटक्यातला जसा होता तसाच राहतो, तोच तर तुम्हाला त्रास देतोय. दुकानदाराला एवढंच विचारा की याचा डायनो ग्राफ आहे का, वेगावेगाला किती फोर्स लागतो त्याचा. ज्या कंपनीकडे असतो ती दाखवते.

मी स्वतः २०११ मधे माझ्या लॉराला असाच स्वस्त सेट लावला होता, कंपनीचं नाव घेत नाही. पहिला महिना फार आवडला, गाडी कललीच नाही. मग पसरणीत एका उजव्या वळणावर, पाणी वाहून गेलेल्या डांबरावर, पुढची चाकं अक्षरशः टप टप टप उड्या मारत बाहेरच्या कठड्याकडे गेली. वेग फार नव्हता. बायको आणि मुलगी गाडीत होत्या. त्या दिवशी मला कळलं की न कलणं म्हणजे पकड नव्हे. दुसऱ्या आठवड्यात काढले.

स्प्रिंगबद्दल एक आकडा लक्षात ठेवा, खूप कामाला येतो. गाडी स्प्रिंगवर स्वतःच्या एका ठराविक ठेक्यात डोलते. आरामशीर गाड्या सेकंदाला साधारण एक-सव्वा वेळा, स्पोर्ट्स कार दीडच्या आसपास, ट्रॅकच्या गाड्या दोन किंवा वर. दीड हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा) गाडीत चाक गाडीच्या वजनाने साधारण ११ सेंमी दबलेलं असतं, दोन हर्ट्झच्या गाडीत जेमतेम ६. आणि जे आधी दबलेलं असतं तेच खड्ड्यात चाकाला खाली जायला मिळतं. ६ सेंमीच्या गाडीचं चाक खोल खड्ड्यात जमिनीला टेकतच नाही, हवेत राहतं. तुमच्या टीटीची मूळ स्प्रिंग या बाबतीत शहाणी आहे. तिला हात लावू नका. बसली असेल तर नवी तीच घ्या.

तर मूळ स्प्रिंग, मूळ उंची, आणि चांगले शॉकअप. दोन पर्याय. बिल्स्टाइन बी६, मोनोट्यूब म्हणजे एकाच नळीचा, आत गॅसचा दाब, मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठीच बनवलेला. लक्षात ठेवा बी६, बी८ नाही. बी८ आखूड असतो, खाली बसवलेल्या गाड्यांसाठी. बी६ ने घाटात गाडी दगडासारखी स्थिर होते, पण गावात सावकाश चालताना रस्ता जरा जास्त कळतो. दुसरा, कोनीचा स्पेशल अ‍ॅक्टिव्ह, ज्याला आधी एफएसडी म्हणायचे. त्याच्यात मुख्य पिस्टनसोबत एक छोटा व्हॉल्व्ह असतो, झटपट थरथर आली की तेलाला बाजूची वाट मोकळी ठेवतो, हालचाल सावकाश असली की ती वाट बंद होते आणि शॉकअप घट्ट होतो. तुमच्या पार्ट नंबरला मिळत असेल तर वहिनींच्या पाठीचा विचार करून मी हाच सांगेन. घाटात बी६ पेक्षा थोडा मऊ, पण तुमचे तीस दिवसातले एकोणतीस दिवस गावात जातात. ऑर्डर करताना पुढच्या स्ट्रटचा व्यास मोजून घ्या, या प्लॅटफॉर्मला ५० आणि ५५ मिमी असे दोन आहेत आणि चुकीचा आला तर नकलमधे, म्हणजे चाक ज्याला बसतं त्या भागात, बसत नाही. सोबत चारही नवे बंप स्टॉपर, डस्ट कव्हर, वरचे माउंट. हे वाचवू नका.

एक्स्प्रेसवेवर तुम्ही 'बारीक टकटक डोक्यात जाते' असं लिहिलंय त्याबद्दल. काँक्रीटच्या रस्त्याला जॉइंट असतात, साधारण साडेचार मीटरवर धरा. ताशी १०० ला तुम्ही सेकंदाला जवळपास २८ मीटर जाता, म्हणजे सेकंदाला सहा टकटक. माणसाचं शरीर उभ्या हादऱ्यांना सगळ्यात जास्त वैतागतं ते ४ ते ८ हर्ट्झच्या मधे. बरोबर त्याच खिडकीत येतं. ते पूर्ण जाणार नाही, पण १७ चे टायर आणि थकलेले शॉकअप बदलले की निम्मं तरी अंगावर यायचं थांबेल.

स्पीडब्रेकरवर घासण्याचं काय? इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या नियमाप्रमाणे ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच हवा होता, ताशी २५ ला आरामात ओलांडता यावा असा. सोसायट्यांनी केलेले ब्रेकर जेमतेम हातभर रुंद आणि एकदम उभ्या चढाचे असतात, त्यावर कुठलंच सस्पेन्शन उपाय नाही. तिरकं घ्या, एकेक चाक. ४० मिमी खाली बसवलेली टीटी तुमच्या सोसायटीच्या गेटमधून आत जाणार नाही, हेही दुकानदाराने सांगायला हवं होतं.

अँटी-रोल बार मोठा लावायचा मोह होईल. आत्ता नको. तो डाव्या-उजव्या चाकाला एकमेकांशी बांधतो, आपल्याकडे खड्डे एका बाजूला असतात, डावं चाक खड्ड्यात गेलं की झटका उजवीकडेही जातो आणि डोकं हलतं. वर्षभराने घाटात पुढचं नाक बाहेर जातंय असं वाटलं तर फक्त मागचा, एक पायरी जाड.

शेवटी अलाइनमेंट, सगळं झाल्यावर आणि दोन-तीनशे किमी चालवून. या गाडीत मागचा टो (वरून बघताना चाकं आत-बाहेर किती वळलीत) आणि कँबर (समोरून बघताना चाकं किती कललीत) दोन्ही अ‍ॅडजस्ट होतात, पुढे मुख्यतः टोच. काही ठिकाणी नुसता पुढचा टो करून पैसे घेतात, तुम्ही चारही चाकांचा प्रिंटआउट मागा. मागचा कँबर जास्त निगेटिव्ह राहिला की टायर आतल्या कडेने खातो, बाहेरून दिसत नाही, हात घालून बघावं लागतं.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने दिलेला निकाल, दोन्हींचा रोख असा की कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायचा नाही. मूळ उंचीवर, मूळ प्रकारचा शॉकअप बदलणं आणि गाडी कापून-खाली बसवणं यात क्लेमच्या वेळी जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. विमा कंपनीला एक ईमेल टाकून ठेवा, काढलेले पार्ट आणि बिलं जपून ठेवा.

केबल टाय आजच बांधा, दहा रुपयात होतं. चारही चाकांची मापं, टाय कुठे थांबला ते, आणि बूशचे दोन फोटो टाका, मग शॉकअप आधी की व्हील आधी ते नक्की करू.